जुनं दुखणं डॉक्टरांना सांगताना

मी एसटीत कंडक्टर आहे आणि मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे. मणक्याला आणि कंबरेखालच्या सांध्यांना सूज येण्याचा हा आजार. पंचविशीत सुरू झाला, निदान पस्तिशीत झालं. मधली वर्षं 'उभ्याचं काम, गाडीचे धक्के, पाठ दुखणारच' हे ऐकण्यात गेली. तपासण्या नव्हत्या म्हणून निदान अडलं नव्हतं. ओपीडीतल्या पाच-दहा मिनिटांत कामाची गोष्ट डॉक्टरांपर्यंत पोचत नव्हती. तीन महिन्यांहून जास्त काळ ज्यांचं दुखतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सगळ्यात आधी वेळ सांगा. कुठे दुखतं हे आपण लगेच दाखवतो, पण कधी वाढतं, कधी उतरतं हे विचारल्याशिवाय सांगत नाही. माझी पाठ ड्युटीवर बरी असायची आणि सुट्टीच्या दिवशी लोळून राहिलो की जास्त धरायची. पहाटे तीन-चारला जाग यायची, घरातल्या घरात चार फेऱ्या मारल्या की बरं वाटायचं. सकाळी तासभर अंग आखडलेलं. हे जसंच्या तसं सांगितलं त्या दिवशी डॉक्टरांनी केसपेपर बाजूला ठेवला आणि विचारलं, "डोळा कधी लाल होऊन दुखला होता का? टाच दुखते का?" दोन्ही झालं होतं. डोळा मी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवला होता, टाच हाडांच्या डॉक्टरांना, आणि त्यांचा पाठीशी संबंध असेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. मणक्यावर ताण येऊन दुखत असेल तर बहुतेक वेळा विश्रांतीने बरं वाटतं. सुजेचं दुखणं उलट, पडून राहिलं की वाढतं आणि हालचालीने मोकळं होतं. पुढचा एक्स-रे, एमआरआय, एचएलए-बी२७ (या आजाराशी जोडलेला जनुक) ची रक्ततपासणी हे सगळं त्या एका माहितीवरून निघालं. म्हणून शरीरात दुसरीकडे जे काही झालंय, तेही सांगा. संबंध आहे की नाही ते डॉक्टर ठरवतील.

आजाराचं नाव घेऊन आत जाऊ नका. 'मणक्यात गॅप आहे', 'सायटिका आहे' म्हटलं की बोलणं त्याच वाटेने जातं. त्याऐवजी दुखणं कसं आहे ते आपल्या रोजच्या बोलीत सांगा. आग होते, मुंग्या येतात, शॉक बसल्यासारखी कळ जाते, बधिर वाटतं, हे ऐकलं की डॉक्टर नसेचा विचार करतात. ठणका आहे, सांधा सुजतो, गरम लागतो, याचा अर्थ वेगळा.

मग येतो आकडा. "दहापैकी किती दुखतं?" नुसतं 'आठ' म्हणण्याने काही कळत नाही, कारण माझं आठ आणि तुमचं आठ एक नसतं. प्रत्येक आकड्याला एक काम जोडा. माझं चार म्हणजे पूर्ण ड्युटी होते. सहा म्हणजे लांब पल्ल्याची गाडी नको, जवळची द्या असं सांगावं लागतं. आठ म्हणजे मोजे बायको घालून देते. हे एकदा ठरवलं आणि दर वेळी तेच वापरलं की गोळी लागू पडतेय का, हे दोघांनाही दिसतं. आकडा आजचा एकटा देऊ नका, गेल्या आठवड्याचा साधारण किती ते सांगा. सोबत दुखण्याने कामात किती अडथळा आणला आणि जगण्यातला आनंद किती कमी केला, तेही. आपलं कुणी मनावर घेत नाही म्हणून आकडा वाढवून सांगायचा मोह होतो, मला तो चांगला ठाऊक आहे. पण 'दहा' सांगून झाल्यावर पुढे दुखणं खरंच वाढलं तर सांगायला आकडा उरत नाही.

माझ्या आईचं उलट. घरी तिला कुकर उचलवत नाही आणि डॉक्टरांसमोर "बरं आहे हो" म्हणते. अशा माणसासोबत कुणीतरी जावं. मात्र आधी विचारावं, "आई, कुकरचं मी सांगू का?" तिच्या परवानगीशिवाय तिच्या वतीने बोलू नये. डॉक्टर आपल्याकडे बघून बोलायला लागले तर आपण तिच्याकडे बघावं.

बोलणं कसं व्हावं, हेही सुरुवातीलाच सांगायला हरकत नसते. मला कागद सोपा पडतो. अर्धं पान, खुर्चीजवळ पोचताच हातात देतो:

'पाठ व कंबर. गेला आठवडा साधारण ५, सर्वात जास्त ७. पहाटे जाग, सकाळी ४५ मिनिटं आखडलेलं. गोळी जेवणानंतर घेतो, पोटात जळजळ. आज विचारायचं आहे: गोळी बदलता येईल का? ड्युटीसाठी पत्र मिळेल का?'

प्रश्न दोनच. तिसरा पुढच्या वेळी. शिवाय मला फार वेळ बसवत नाही, म्हणून "मी उभा राहून बोललो तर चालेल का?" असं विचारतो. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

माझ्या वहिनीला फायब्रोमायल्जिया आहे, म्हणजे अंगभर दुखत राहण्याचा आजार. समोर बसून सांगताना तिला रडू येतं आणि मग डॉक्टर दुखण्याऐवजी रडण्याबद्दल बोलतात. तिने विचारून घेतलं, आता ती आदल्या दिवशी मोबाइलवर लिहून पाठवते. काहींना रांगेतल्या बाकड्यावर दोन तास बसण्यानेच दुखणं वाढतं, त्यांना फोनवरचा सल्ला बरा पडतो. सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे. जुन्या औषधांबद्दल बोलायला फोन चालतो, पण नवीन दुखणं किंवा नवीन अशक्तपणा हात लावून तपासून घ्यावा.

वहिनीचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. "टेन्शन घेऊ नका" हे वाक्य ऐकून ती खचून परत यायची. तिथे भांडू नका, हे विचारा: "रिपोर्ट चांगले आहेत, मग दुखणं कशामुळे असू शकतं आणि आता पुढे काय करायचं?" जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत जुनाट दुखणं स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेलं आहे. रिपोर्टमध्ये दिसत नाही म्हणून ते नाही, असं होत नाही.

औषधांची पिशवीच घेऊन जा. काढा, तेल, मेडिकलमधून स्वतः आणलेली डायक्लोफिनॅक, सगळं. अशा वेदनाशामकांनी पोटाला, मूत्रपिंडाला, रक्तदाबाला त्रास होऊ शकतो. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम, आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत ते आधीच असतं. नाव नसलेल्या पुड्या घेत असाल तर त्या जरूर दाखवा. त्यात स्टेरॉइड असू शकतं, आणि बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद करणं धोक्याचं असतं. गोळी सोडली असेल तर कारणासकट सांगा. 'ड्युटीवर झोप येते' किंवा 'परवडत नाही' ही लाजायची गोष्ट नाही, त्यावरूनच दुसरा उपाय निघतो.

उठण्याआधी डॉक्टरांनी सांगितलेलं आपल्या तोंडून एकदा म्हणून दाखवा: "ही सकाळी, ही रात्री, व्यायाम रोज, सहा आठवड्यांनी यायचं. बरोबर ना?" कागदपत्रं घरी फाइलमध्ये तारखेने लावा. रुग्णालयाकडे आपले कागद मागितले तर ७२ तासांत द्यावेत असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

पाय अचानक लुळा पडला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, तर यातलं काहीही करत बसू नका. कागद नको, अपॉइंटमेंट नको, तडक मोठ्या रुग्णालयात जा आणि दारातच हे शब्द सांगा. पाठदुखीसोबत ताप असेल, वजन आपोआप उतरत असेल, तरी पुढच्या तारखेची वाट बघू नका.