जुन्या मोटारीच्या गिअरबॉक्सचे ऑइल निवडताना

जुन्या मोटारीत गिअर टाकताना खरखर होत असेल, तर गिअरबॉक्स उघडण्याआधी त्यात कोणते ऑइल आहे याची खात्री करून घ्यावी. अशा बहुतेक गाड्यांतील सिंक्रोनायझर रिंगा पितळेच्या किंवा कांस्याच्या असतात आणि त्या गिअरच्या शंकूवर घासूनच गिअर आणि शाफ्ट यांचा वेग जुळवतात. त्यामुळे ऑइल गरजेपेक्षा निसरडे असले, तर रिंगेची पकड सुटते आणि दाते एकमेकांवर आपटतात. गिअर ऑइलच्या जीएल-४, जीएल-५ अशा श्रेणी असतात; वरचा दर्जा समजून जीएल-५ घेण्याचा मोह म्हणूनच आवरावा. ते मुख्यतः डिफरन्शियलच्या, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाच्या, तिरकस दात्यांच्या हायपॉइड गिअरसाठी असते आणि त्यातील गंधकयुक्त घटक तापल्यावर पितळेला खाऊ शकतात. अशा रिंगा असलेल्या सिंक्रोमेश गिअरबॉक्सला सहसा जीएल-४ मानवते.

तरीही अखेरचा शब्द गाडीच्या मूळ पुस्तिकेचा मानावा, कारण एमजीबीसारख्या काही ब्रिटिश गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलच घालतात. हे वाचून दचकू नये: गिअर ऑइल आणि इंजिन ऑइल यांच्या दाटपणाचे आकडे वेगवेगळ्या मापांतले असून गिअर ऑइलचे ९० हे इंजिन ऑइलच्या ४० ते ५० च्या जवळपास येते. गाडी थंड असतानाच गिअर जड जात असेल, तर ८०डब्ल्यू-९० ऐवजी थंडीत अधिक पातळ राहणारे ७५डब्ल्यू-९० जीएल-४ वापरून पाहावे.

जुने ऑइल गरम असतानाच काढावे आणि उजेडात नीट निरखावे. त्यात सोनेरी चमक बरीच दिसली, तर रिंगा झिजल्या आहेत, आणि ती झीज कोणत्याही ऑइलने भरून निघत नाही. मात्र ऑइल काढण्याआधी भरण्याचा बोल्ट सुटतो आहे ना, हे जरूर पाहावे.