घरचा टोन स्टेजवर नेऊ नका

पहिल्या गिगचा व्हिडिओ मी अजून शेवटपर्यंत बघू शकत नाही. कॉलेजच्या फेस्टमधला आहे, चार मिनिटांचा, मैत्रिणीने पहिल्या रांगेतून फोनवर काढलेला. ड्रम्स ऐकू येतात, गायकाचा आवाज येतो, बेस गिटारची घरघर जाणवते आणि या सगळ्यावर एक सलग चरचर पसरलेली आहे, तापलेल्या कढईत ओली भाजी पडल्यावर होते तशी. ती चरचर म्हणजे मी, आमच्या मेटल बँडची गिटारिस्ट. जो रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारा गिटारचा तुकडा, आठ महिने रोज घासला, त्यातला एकही स्वर त्यात ओळखू येत नाही. दुसऱ्या गाण्यात ड्रमरला माझा ब्रेक ऐकूच आला नाही. तो वाजवत राहिला, मी थांबले, गाणं लोकांसमोर तुटलं.

त्या रात्री वाटलं, आपले हात कमी पडले. पुढचे चार महिने मेट्रोनोम लावून वेग वाढवत बसले. ते चार महिने वाया गेले याचं मला अजून वाईट वाटतं, कारण हातांचा दोष नव्हताच. दोष अ‍ॅम्पच्या बटणांचा होता, गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या त्या पेटीच्या, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पाम म्यूट (तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवणं), पॉवर कॉर्ड, ड्रॉप डी तुम्हाला येतं असं धरते. बोलायचंय ते फक्त त्या बटणांवर, म्हणजे टोनवर.

आपण शिकतो घरात. मी शिकले कोथरूडला, दुसऱ्या मजल्यावर, दहा वॉटच्या प्रॅक्टिस अ‍ॅम्पवर. खालचे काका साडेनऊला झोपायचे, त्यामुळे आवाज इतका बारीक ठेवायचा की पिक तारेवर घासल्याचं वेगळं ऐकू यावं. एवढ्या आवाजात गिटार पातळ लागते. मग हात आपोआप बटणांकडे जातो. बेस म्हणजे खर्ज नऊवर, ट्रेबल म्हणजे वरचा भाग आठवर, मिड्स म्हणजे मधला भाग दोनवर, आणि आवाज फाडणारा गेन शेवटपर्यंत. आणि एकदम ती आवडत्या रेकॉर्डसारखी वाजायला लागते! तुम्हाला वाटतं, सापडला आपला टोन. मी तर त्या सेटिंगचा फोटो काढून ठेवला होता.

इथेच फसवणूक होते. आवाज कमी असला की माणसाच्या कानाला खालचा खर्ज आणि अगदी वरचा भाग कमी जाणवतो, मधला भाग मात्र व्यवस्थित ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये हे मोजून त्याचे आलेख मांडले. म्हणजे घरी आपण जो बेस आणि ट्रेबल वाढवतो, तो गिटारची उणीव भरून काढत नसतो, हळू आवाजात कानाला जे कमी पोचतं ते भरून काढत असतो. स्टेजवर आवाज शंभर डेसिबलच्या आसपास गेला की कानाला सगळंच ऐकू यायला लागतं, आणि तुम्ही भरलेलं जास्तीचं तसंच वर येतं.

आता बँडमध्ये कोण कुठे बसलंय ते बघा. बेस गिटारची जाड तार ४१ हर्ट्झला, तुमची ८२ ला. ती तार सैल करून ड्रॉप सी केलंत तर ६५ ला. किक ड्रमचा धक्का साधारण ५० ते १०० मध्ये. म्हणजे खालच्या खोलीत आधीच दोन धिप्पाड माणसं बसलेली आहेत आणि तुम्ही बेस नऊवर ठेवून तिसरे घुसताय. साउंडवाला तुमचा तो खर्ज मिक्सरवर कापूनच टाकतो, टाकायलाच हवा. वरच्या बाजूला सिंबल्सचा खळखळाट आणि गायकाची व्यंजनं. तिथे तुमचा ट्रेबल जाऊन मिसळतो. उरली मधली जागा, साधारण ४०० ते २००० हर्ट्झ. तिथे तुमच्यासाठी खुर्ची रिकामी आहे, आणि नेमकं तेच बटण तुम्ही दोनवर आणून ठेवलंय.

पुण्यात राहणाऱ्याला हे समजायला यंत्र लागत नाही. गणपतीआधी नदीपात्रात पथकांचा सराव चालतो तेव्हा जाऊन उभे राहा. पन्नास ढोल छातीत धडधडत असतात आणि तरी चार ताशे लांबून स्वच्छ ऐकू येतात. ताशेवाले ढोलापेक्षा जोर लावतात म्हणून नाही. त्यांचा आवाज जिथे आहे तिथे ढोल नाही म्हणून. मी दोन वर्षं पथकात ढोल वाजवला होता, तरी हे माझ्या लक्षात आलं नाही!

गेनचंही तसंच. गेन जास्त असला की प्रत्येक स्वर सारख्याच जोराचा होतो, पाम म्यूटचा जो ठोका हवा तो सपाट होतो. वेगवान रिफमध्ये दोन ठोक्यांमधली शांतता हीच खरी धार असते, आणि गेन ती शांतताच भरून टाकतो. शिवाय स्टेजवर फीडबॅकची शिट्टी सुरू होते ती वेगळीच. रेकॉर्डवरची गिटार भिंतीसारखी वाटते कारण तोच रिफ दोनदा, कधी चारदा वाजवून डावी-उजवीकडे ठेवलेला असतो, आणि प्रत्येक वेळी गेन आपल्याला वाटतो त्यापेक्षा कमी असतो. ती भिंत एका माणसाने एका अ‍ॅम्पवर उभी करायची नसते. खालचं वजन बेसिस्ट देतो. त्याला देऊ द्या.

हे मला शिकवलं एका साउंडवाल्या दादांनी, मुंढव्याच्या बाजूच्या एका छोट्या गिगला. तोपर्यंत साउंडवाले बँडमधल्या मुलांशीच बोलायचे, माझ्या गिटारबद्दलसुद्धा त्यांनाच विचारायचे. या दादांनी मिक्सरवरून हाक मारली, ‘‘गिटार तुझी ना? वाजव.’’ मी वाजवलं. ते चालत स्टेजवर आले, काही न बोलता अंगठ्याने मिड्स दोनवरून सातवर नेले, बेस चारवर आणला, गेन जवळजवळ निम्मा केला. मी एकटीने वाजवून बघितलं तर पत्र्याचा डबा. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. म्हणाले, ‘‘एकटी नको ऐकू. ड्रमरबरोबर वाजव.’’ चार ठोके पडले, आम्ही रिफ सुरू केला, आणि ड्रमरने मान वर करून माझ्याकडे बघितलं. दीड वर्ष एकत्र वाजवत होतो. माझा उजवा हात त्याला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला.

म्हणून स्पष्ट सांगते. हेडफोनवर किंवा घरी बनवलेला टोन स्टेजवर चालणार नाही. अपवाद असतील, तुम्ही तो अपवाद आहात असं धरून चालू नका. विकतचे प्रीसेट, म्हणजे दुसऱ्याने आधीच लावून ठेवलेली सेटिंग्ज, घेऊ नका. बनवणाऱ्याने ते त्याच्या खोलीत, त्याच्या स्पीकरवर बनवलेत, तुमच्या ड्रमरबरोबर नाही. टोन जॅमरूममध्ये, म्हणजे बँडच्या भाड्याच्या सरावखोलीत बनवा, पूर्ण बँड पूर्ण आवाजात वाजत असताना. बेस चार, मिड्स सहा-सात, ट्रेबल पाचपासून सुरुवात करा. गेन इतका कमी करा की जरा उघडं पडल्यासारखं वाटेल. तिथेच थांबा. तासाच्या भाड्यातली वीस मिनिटं यासाठी गेली तरी जाऊ द्यात. एक गाणं कमी वाजवा.

अ‍ॅम्प जमिनीवर ठेवलाय आणि तुम्ही त्याला चिकटून उभे असाल तर तुम्हाला खरा आवाज ऐकूच येत नाही. गिटारच्या स्पीकरचा वरचा भाग बॅटरीच्या झोतासारखा सरळ जातो. तो तुमच्या पोटऱ्यांवर आदळतो, कानाला बोथट लागतं, तुम्ही ट्रेबल वाढवता आणि पहिल्या रांगेतल्या माणसाच्या कानात सुई जाते. अ‍ॅम्प क्रेटवर किंवा खुर्चीवर चढवा, नाहीतर मागे कलता ठेवा. लांब केबल घेऊन एकदा खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वाजवा. पेडलच, म्हणजे पायाने चालू-बंद करायची आवाज बदलणारी डबी, घ्यायची असेल तर आयबानेझचं हिरवं ट्यूब स्क्रीमर किंवा त्याच जातीचं कुठलंही स्वस्त ओव्हरड्राइव्ह घ्या. ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण, आणि गेन असलेल्या अ‍ॅम्पच्या आधी लावा. डिस्टॉर्शन होण्याआधीच, म्हणजे आवाज फाटण्याआधीच ते खर्ज कापतं आणि मिड्स पुढे आणतं. माझं सेकंडहँड आहे, रंग उडालाय, त्याच्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही.

गुरूंबद्दल माझं मत थोडं कडक आहे. मी ज्या क्लासला जायचे तिथे दोन वर्षांत एकदाही ड्रमबरोबर वाजवायला बसवलं नाही. स्केल्स झाल्या, सोलो झाले, परीक्षा झाल्या. मेटल वाजवायचं असेल तर असा क्लास सहा महिन्यांत सोडा आणि ती फी जॅमरूमला द्या. चार वर्षं पुढे असलेला एखादा गिटारिस्ट जो स्वतःच्या चुका सांगतो, तो सरांपेक्षा जास्त शिकवतो. आणि साउंडवाल्याशी वाद घालू नका. शास्त्रीय गायक मैफलीआधी तानपुरा आणि माइक यासाठी किती शांतपणे वेळ देतात ते सवाई गंधर्वला बघितलं असेलच. आपण मात्र जीन्सच्या खिशात हात घालून ‘दादा, आवाज वाढवा’ एवढंच म्हणतो. नाव विचारा. वाजवायला सांगितलं तर सोलो नाही, सगळ्यात जोरातला रिफ वाजवा. साउंडचेक झाल्यावर अ‍ॅम्पच्या आवाजाला हात लावू नका. हे मी तीनदा केलंय, तिन्ही वेळा गायक बुडाला.

बाकीचं झटपट. जास्तीची केबल, जास्तीचा अडॅप्टर, पिक्स. तारा दोन दिवस आधी बदला, सकाळी नाही. ट्यूनर पेडल घ्या, लोकांना ट्यूनिंग ऐकवू नका. उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर रात्री दहाला आवाज बंद होतो, सन २००० च्या नियमापासून तसंच आहे. उशीर झाला की कात्री नव्या बँडच्या वेळेला लागते. म्हणून सेटमधलं सगळ्यात चांगलं गाणं शेवटी ठेवू नका. दुसरं ठेवा.

आणि कान. इअरप्लग घाला, पहिल्या जॅमपासून. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्याची संस्था ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरते आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. आपला एक सेट अर्ध्या तासाचा, आधीचे दोन बँड वेगळे. आतल्या कानातल्या केसपेशी मेल्या की परत येत नाहीत. माझ्या डाव्या कानात रात्री एक बारीक सूर वाजतो. त्याची सवय होते म्हणतात. मला झालेली नाही.

हे सगळं वाचून घाबरला असाल तर सांगते, पुण्यातला हा प्रेक्षक फार मायेचा आहे. चाळीस माणसं असतील, त्यातली अर्धी दुसऱ्या बँडमधली, म्हणजे त्यांचंही गाणं कधीतरी असंच तुटलेलं आहे. माझं तुटलं तेव्हा कोणी हुर्यो केली नाही. मागून कोणीतरी ‘परत घ्या!’ ओरडलं आणि आम्ही परत घेतलं. एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव २०१० मध्ये याच शहरात सुरू झाला, २०१९ ला इथेच स्वीडनचा मेटल बँड ओपेथ वाजवून गेला. त्या रात्री मी गर्दीत उभी राहून फक्त त्यांच्या गिटारींचे मिड्स ऐकत होते. एवढा मोठा आवाज आणि प्रत्येक स्वर सुटा. तेव्हा मला पहिल्यांदा पटलं की जड वाजणं आणि जाड वाजणं वेगळं.

माझ्या अ‍ॅम्पवर आता पांढऱ्या मार्करच्या चार खुणा आहेत. घरी ते सेटिंग मला अजून आवडत नाही. परवा आई दारात येऊन म्हणाली, ‘‘आधी किती भरदार वाजायचं गं, आता असं कोरडं का?’’ हात बेसच्या बटणावर गेला होता. काढला, आणि तसंच वाजवत बसले. शनिवारी जॅम आहे.