बऱ्याच वर्षांनी मेसेज करताय? या चुका टाळा

ज्याच्याशी दहा-बारा वर्षं एक शब्द बोललो नाही, त्याला काय लिहायचं हेच सुचत नाही. मग आपण पळवाट काढतो आणि संक्रांतीला तिळगुळाचं चित्र फॉरवर्ड करतो. समोरच्याला कळतं, हे दोनशे जणांना गेलंय. तो हात जोडलेली इमोजी टाकतो, विषय संपतो. मी पाच संक्रांती हेच केलं आणि वर 'तो काही बोलतच नाही' म्हणून त्याच्यावरच रुसून बसलो.

'ओळख पाहू कोण?' हा तर त्याहून वाईट प्रकार. अनोळखी नंबरवरून असं काही आलं की लोक आता सरळ ब्लॉक करतात आणि त्यांचं काही चुकत नाही, फसवणारेही अशीच सुरुवात करतात. आधी नाव, मग ओळखीची खूण. शेवटी मी नाव सांगून एवढंच लिहिलं: 'सदाशिव पेठेतल्या खोलीवरचा. आज मंडईतून येताना आपली ती पिठलं करपलेली कढई आठवली. कसा आहेस? सवडीने लिही.' अकरा दिवसांनी उत्तर आलं, 'कढई माझ्याकडेच आहे रे.'

माफीचा निबंध लिहू नका. तो वाचून समोरच्यालाच आपली समजूत काढत बसावं लागतं. 'मधे मीच फोन केला नाही, चुकलं' एवढं पुरे.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे घरातलं कोणी गेलेलं असणं. एका मैत्रिणीला मी फोनवर उत्साहाने विचारलं, 'काकू कशा आहेत?' काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून मी आधी एखाद्या सामाईक मित्राकडून घरची खबर काढतो, मगच फोन लावतो. उलट बाजूही असते. बातमी कळलेली असते, पण दहाव्याला गेलेलो नसतो. 'आता कोणत्या तोंडाने फोन करू?' म्हणत एकाची पाच वर्षं होतात. अशा वेळी तो विषय टाळून हवापाण्याच्या गप्पा मारल्या तर त्याला ते जास्त लागतं. 'काकू गेल्याचं कळलं होतं, तेव्हा फोन केला नाही, ते मनात राहिलंय. त्यांच्या हातची थालीपिठं अजून आठवतात,' असं सरळ म्हणावं. कशाने गेल्या, कोणत्या दवाखान्यात होत्या, हे विचारू नये. सांगायचं असेल तर मैत्रीण आपणहून सांगेल.

काम असेल तर पहिल्याच मेसेजमध्ये सांगून टाका. तीन दिवस जुन्या आठवणी काढायच्या आणि चौथ्या दिवशी पॉलिसी किंवा मुलीच्या लग्नाची पत्रिका पुढे करायची, याचा राग फार दिवस राहतो. आणि न विचारता कोणाला शाळेच्या ग्रुपमध्ये घालू नका, बिचारा सकाळच्या फुलांखाली गाडला जातो.

उत्तर आलं नाही, तर लगेच 'भाव खातोय' असं समजू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक म्हणजे मेसेज पोचलेलाच नाही. फोन बंद असेल, नेट नसेल, नाहीतर ब्लॉक केलं असेल. टिका निळ्या झाल्या नाहीत म्हणजे वाचलं नाही असंही नाही, ती सोय बंद करता येते. फेसबुकवर यादीत नसलेल्याचा मेसेज 'मेसेज रिक्वेस्ट'मध्ये जातो. तिथे तो वर्षानुवर्षं पडून राहू शकतो, तेव्हा तिथलं मौन मनावर घेऊ नका.

नंबर जुना असेल तर आणखी जपून. बंद झालेला मोबाइल नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. म्हणून माणूस तोच आहे याची खात्री होईपर्यंत घरगुती काही लिहू नका. जुन्या डायरीतले पुण्याचे सहा आकडी नंबर आता लागत नाहीत, लँडलाइन आठ आकडी झाल्या. आई-बाबा अजून लँडलाइनवरूनच फोन करत असतील तर त्यांना सांगून ठेवा, १५ जानेवारी २०२१ पासून मोबाइल नंबरच्या आधी शून्य लावावं लागतं.

मेसेज वाचलाय आणि तरी उत्तर नाही? 'वाचलंस ना?' असं विचारू नका, त्याच्या बायकोला किंवा बहिणीला तर मुळीच गाठू नका. तीन-चार महिन्यांनी आणखी एक मेसेज, आधीच्याचा उल्लेखही न करता. त्यालाही उत्तर आलं नाही तर थांबा, नंबर मात्र राहू द्या.