सामुराई चिलखत चढवताना या चुका टाळा

मी जपानमधल्या एका जुन्या किल्ल्याच्या गावात राहतो. दर वसंतात इथे चिलखतधाऱ्यांची मिरवणूक निघते. गावातली हौशी मंडळी वर्षभर चिलखतं बनवतात, दुरुस्त करतात आणि त्या सकाळी पन्नास-साठ जणांच्या अंगावर बांधून देतात. गेली नऊ वर्षं मीही बांधणाऱ्यांत आहे. दरवर्षी माणसं नवी, चुका त्याच. आणि दुपारी घामाघूम होऊन पायरीवर बसले की सगळ्यांचं ठरलेलं वाक्य: "हे घालून लढायचे तरी कसे? काय अडगळ आहे!"

अडगळ म्हणण्याआधी आपण ते कसं बांधलं होतं, ते बघा.

पट्टा सैल ठेवणे. ही माझ्या डोक्यात जाणारी चूक, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो. धडाच्या चिलखताला 'दो' म्हणतात. तो खांद्यांवरच्या दोन पट्ट्यांना लटकतो, म्हणून लोकांना वाटतं की वजन खांद्यांनीच पेलायचं. सोळाव्या शतकातल्या 'तोसेइ गुसोकु' या प्रकाराचा दो मुद्दाम कमरेशी निमुळता केलेला असतो. त्याच्या खालच्या काठावरून 'उवाओबी' हा कापडी पट्टा करकचून आवळला की दो कंबरेच्या हाडावर बसतो आणि खांदे मोकळे होतात. ढोलपथकात वाजवलेल्यांना हे लगेच कळेल. ढोल कमरेला नीट बसला नाही, तर पहिल्या चौकातच पाठ बोलायला लागते.

चार वर्षांपूर्वी ओळखीतला एक मराठी मुलगा तोक्योहून मिरवणुकीसाठी आला. रोज जिमला जाणारा, दंड असे की कोते, म्हणजे हातांवरच्या चिलखती बाह्या, चढेनात. पोहोचला उशिरा, त्यात आधी फोटो हवे होते. मी पट्टा आवळायला लागलो तर म्हणाला, "दादा, श्वास घेता आला पाहिजे ना, सैल ठेवा." मागे रांग लागलेली, मी सैल ठेवला. चूक माझीही. अंगावर अठरा किलोची लोखंडी प्रतिकृती. किलोमीटरभर चालल्यावर हा रस्त्याच्या कडेला उभा. खांद्यांत पट्टे रुतलेले, बोटांना मुंग्या, चेहरा पांढरा. आमचे चौऱ्याहत्तर वर्षांचे सेनसेइ, म्हणजे गुरुजी, आले. त्यांनी पट्टा सोडला, मला दो खालून दोन बोटं वर उचलून धरायला लावला, त्याच्या पाठीला गुडघा टेकवला आणि पट्टा ओढला. पोरगं क्षणभर गप्प. मग म्हणालं, "वजन गेलं कुठे?" उरलेली वाट तो हसत चालला.

तेव्हापासून माझी सवय अशी: पट्टा एकट्याने बांधू देत नाही. एकाने दो उचलायचा, दुसऱ्याने आवळायचं. मग बांधलेल्याला जागेवर तीन उड्या मारायला लावतो. दो खांद्यांवर आदळला, तर पुन्हा सोडायचा. वेल्क्रो लावून आणणाऱ्यांना मी रांगेत शेवटी उभं करतो. वेल्क्रो ताण धरत नाही, आणि मिरवणुकीच्या मधोमध त्याचा तो 'चर्रर्र' आवाज ऐकवत नाही.

सगळी चिलखतं एकच समजणे. जुनं 'ओयोरोई' पेटीसारखं, तीसेक किलोचं. ते घोड्यावरच्या तिरंदाजासाठी. हाती ढाल नाही, कारण दोन्ही हात धनुष्याला. म्हणून दोन्ही खांद्यांवर ढालीसारखे मोठाले 'सोदे' टांगलेले. पोटावर गुळगुळीत चामडं, प्रत्यंचा अडकू नये म्हणून. घोड्यावर बसलं की बराच भार खोगीर घेतं. तेच घालून तुम्ही पायी चालणार आणि वर तक्रार करणार! पायी लढणाऱ्यांसाठी कमरेला बसणारे 'दोमारू' आणि 'हारामाकी' होते, आणि पुढे थोरामोठ्यांनीही तेच उचलले. १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज बंदुका आल्या. त्यानंतर सुट्या खवल्यांच्या जागी अखंड पत्रे वाढले. काही दोंवर गोळी झाडून परीक्षा घेत आणि तो पोचा पुरावा म्हणून तसाच ठेवत. संग्रहालयात असा पोचा दिसला की लोक "अरेरे, मेला बिचारा" म्हणतात. ती गोळी बहुतेक वेळा कारागिरासमोरच झाडलेली असते.

वरून खाली चढवणे. नवशिक्याचा हात आधी शिरस्त्राणाकडे, म्हणजे काबुतोकडे जातो. फोटोचा मोह! क्रम खालून वर आणि डावं आधी, उजवं नंतर. पायात गवती चपला, नडगीवर सुनेआते, मांड्यांवर हाइदाते, हातांवर कोते, मग दो, सोदे, तलवारी, मुखवटा आणि सगळ्यात शेवटी काबुतो. कारण साधं आहे: दो चढल्यावर वाकता येत नाही. एकदा एक गृहस्थ नखशिखांत सजून आरशासमोर उभे राहिले आणि अनवाणी आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. चपलांच्या दोऱ्या बांधायला त्यांच्या पायाशी मी बसलो. त्या दिवशी सामुराईच्या नोकराचं दुःख मला कळलं.

गोफ ताणून विणणे. चिलखताच्या पट्ट्यांच्या ओळी गोफाने एकमेकींना विणलेल्या असतात. त्या एकमेकींवर सरकल्या पाहिजेत, तरच चिलखत शरीराबरोबर हलतं आणि पेटीत घडी होऊन बसतं. नवशिके रेशमी गोफ इतका ताणतात की चिलखताचा पत्र्याचा डबा होतो. दाट विणीचा उलटा त्रास: पावसात ती पाणी पिते, जड होते, लवकर वाळत नाही. चिलखतांवर लिहिणाऱ्या साकाकिबारा कोझान यांनी १८०० साली हेच लिहून ठेवलंय, शिवाय थंडीत ओली वीण गोठते, मोहिमेत तिच्यात उवा होतात आणि भाल्याचं टोक घसरून जाण्याऐवजी त्यात अडकतं, हेही. म्हणून युद्धाच्या धामधुमीत विरळ, जोडगोफांची वीण आली. पहिलं चिलखत विरळच विणा. दाट वीण सुंदर दिसते हे मलाही मान्य आहे, पण तुम्हाला मिरवणूक दोन महिन्यांवर आलेली असते.

घरी उरुशी लावणे. लोखंड गंजू नये आणि चामडं ओल धरू नये म्हणून चिलखतावर उरुशी या झाडाच्या चिकाचे थर देतात. हे झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं. बिब्बा उतलेला माणूस पाहिला असेल, तर पुढचं सांगायला नको. त्यातून हा चीक कोरड्या हवेत सुकत नाही, त्याला दमट हवा लागते. घाई झालेले लोक हेअर ड्रायर लावतात आणि चिकटच राहिलं म्हणून रडत येतात. स्प्रेचा रंग मारा. हा शॉर्टकट मला चालतो.

मुखवट्याच्या हनुवटीखालचं भोक पॅडिंगने बुजवू नका, ते घाम वाहून जाण्यासाठी आहे.

काबुतोखाली कपाळपट्टी बांधा, नाहीतर तो डोळ्यांवर येतो. कपाळावरची शिंगं, चंद्रकोरी वगैरे हलक्या ठेवा. दाते मासामुने या सरदाराच्या काबुतोवरची प्रसिद्ध चंद्रकोरसुद्धा लाकडाचीच आहे, वरून सोनेरी. मिरवणुकीच्या बसमध्ये चढताना काबुतो काढून हातात घ्या.

ओलं चिलखत पेटीत भरू नका आणि उन्हातही टाकू नका. सावलीत, वारा लागेल असं टांगा.

आणि हो, हाइदाते बांधण्याआधी शौचालयाला जाऊन या. गेल्या वर्षी एकजण "नंतर बघू" म्हणाला. चढवायला चाळीस मिनिटं लागली होती. दोन चौकांनंतर एका दुकानाच्या शौचालयात त्याने सगळं स्वतःच सोडलं. पुन्हा बांधायला तिथे कोणी नव्हतं, मग मिरवणूक गेल्यावर चिलखत पोत्यात घालून, खांद्यावर टाकून तो किल्ल्यापर्यंत चालत आला. पोतं जड लागलं म्हणाला.