अमाझाके: तांदळाच्या वाइनचा अर्धा रस्ता, आणि त्याची तयारी

तांदळाची वाइन घरी करून बघायची हौस असेल तर सामानाच्या आधी कायदा बघा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. ‘घरच्यापुरतंच केलंय हो’ म्हणून सुटका नाही. पण वाइनचा अर्धा रस्ता बिनधास्त चालता येतो, आणि माझ्या मते मजा त्याच अर्ध्यात आहे. तांदळात स्टार्च असतो आणि यीस्टला तो थेट खाता येत नाही. म्हणून आधी एक बुरशी स्टार्चची साखर करते, मग यीस्ट त्या साखरेची दारू करतं. जपानी साके, म्हणजे तिथली तांदळाची वाइन, बनताना ही दोन्ही कामं एकाच भांड्यात चालतात. आपण पहिल्या कामावर थांबायचं. हाती येतं ते अमाझाके: दाट, बिनदारूचं, चमचाभरही साखर न घालता खिरीइतकं गोड. जपानात एदो काळी (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात) ते उन्हाळ्यात फेरीवाले विकत, तेव्हा मे महिन्यातल्या मुंबईला ते परकं वाटायचं कारण नाही.

पहिली खरेदी कोजीची. कोजी म्हणजे ही बुरशी वाढवलेला तांदूळ. बुरशीचं नाव अस्परजिलस ओरायझी. जपानच्या ब्रूइंग सोसायटीने 2006 मध्ये तिला ‘राष्ट्रीय बुरशी’ ठरवलं. ऑनलाइन शोधलंत तर आधी गोरं होण्याचे कोजिक ॲसिडचे साबण समोर येतील, ते ओलांडून पुढे जा. पाकिटावर ‘ड्राय राइस कोजी’ असं हवं. नुसते बीजाणू घेऊ नका, त्यांच्यापासून कोजी करायला आणखी दोन दिवस आणि बरीच उस्तवार लागते. चिनी यीस्टच्या गोळ्या किंवा हंडियासाठी (झारखंड-ओडिशाकडची तांदळाची दारू) वापरतात त्या रानूच्या गोळ्या तर नकोतच: त्यांत बुरशीबरोबर यीस्टही असतं, म्हणजे आपण टाळलेला दुसरा अर्धा आपसूक सुरू. पाकीट फोडल्यावर दाणे पांढरट, कोरडे दिसले पाहिजेत. काळे किंवा गुलाबी डाग दिसले तर सरळ परत पाठवा. पावसाळ्यात उरलेली कोजी ओट्यावर ठेवलीत तर दमट होणारच. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये.

तांदूळ इंद्रायणी घ्या. बासमतीचा सुटा, फडफडीत दाणा इथे बिनकामाचा. आपल्याला चिकट, मऊ पेज हवी. एक वाटी तांदूळ, चार वाट्या पाणी आणि तांदळाच्या वजनाइतकी कोजी, एवढ्यावर पहिला घाणा निघतो. तांदूळ धुऊन तासभर भिजवायचा आणि कुकरला एरवीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त द्यायच्या. कोजी मात्र कुकरच्या आसपासही नेऊ नका.

आता थर्मामीटर. अंदाजपंचे करणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. कोजीतली, स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स 55 ते 60 अंश सेल्सिअसला जोमात असतात. 70 च्या वर गेलात की ती मरतात आणि रात्रभर राखण करूनही पेजेची पेजच राहते. 50 च्या खाली रेंगाळलात तर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू शिरतात आणि सगळं आंबट होतं. तापाचा थर्मामीटर 42 च्या पुढे जात नाही, तो कपाटातच राहू द्या. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर क्रॉफर्ड मार्केटला बेकिंगचं सामान विकणाऱ्यांकडे बघा. बोट बुडवून ‘कोमट वाटतंय’ हे विरजणाला चालतं, इथे चालत नाही.

हे तापमान आठ तास टिकवायला भांडं कोणतं, ते आदल्या दिवशी नुसतं गरम पाणी भरून ठरवा. राइस कुकरचा ‘वॉर्म’ बहुधा जास्त तापतो, म्हणून झाकण उघडं ठेवून वर ओला पंचा टाकतात. इलेक्ट्रिक कुकरचा दह्याचा मोड चाळिशीतच घुटमळतो, तो बाद. जाड कॅसरोल गोधडीत गुंडाळला तर चालतो, पण दर दोन तासांनी बघून गरज पडेल तेव्हा मिश्रण मंद आचेवर, ढवळत, पुन्हा 60 पर्यंत आणावं लागतं. म्हणून दिवस रविवारचा धरा. मेगाब्लॉक असतोच, नाहीतरी कुठे जाणार? घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी ‘हे काय झाकलंय’ म्हणत नेमकं अर्ध्यात उघडतं.

भांडी, डाव, बाटल्या उकळत्या पाण्यातून काढून पालथ्या घाला. पेज कुकरमधून काढल्यावर 60 पर्यंत उतरू द्या, घाई असेल तर उकळून गार केलेलं थोडं पाणी घाला, आणि मगच कोजी हाताने मोकळी करून मिसळा. दोन-तीन तासांतच घट्ट गोळा सैल पडून पळीवाढा होतो. एन्झाइम्स कामाला लागल्याची हीच खूण. आठ तासांनी चाखा. गोडी कमी वाटली तर आणखी दोन तास.

शेवटचं काम टाळू नका: एक उकळी. तिने एन्झाइम्स थांबतात आणि चुकून शिरलेलं यीस्टही मरतं. नंतर लगेच गार करून फ्रिजमध्ये, त्यासाठी एक कप्पा आधीच रिकामा करून ठेवा. आठवड्याभरात संपवा किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. झाकण उघडताना फुस्स झालं, बुडबुडे दिसले, तर यीस्ट शिरलंय; मोह न धरता ओतून द्या. घरात मधुमेह असलेलं कुणी असेल तर ही साखर बहुतांश ग्लुकोज आहे हे ग्लास पुढे करण्याआधी सांगा. बाकीच्यांना तेवढंच गार पाणी, बर्फ आणि आल्याचा रस घालून द्या.