ग्राफिक्स कार्ड बदलताय? आधी या चुका टाळा

"कार्ड लावलं, गेम सुरू केला आणि दहा मिनिटांत पीसी धाडकन बंद पडला." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचा प्रश्न आपोआप तोंडात येतो, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कुठला आहे? आणि उत्तरही ठरलेलं असतं: "कॅबिनेटबरोबर आला होता तोच."

घरच्या साध्या पीसीत गेमिंगसाठी कार्ड बसवणं हे अवघड काम नाही. एक स्लॉट, एक-दोन स्क्रू, एखादी वायर. सोपं दिसतं म्हणूनच लोक कार्ड आधी घेतात आणि बाकीचा पीसी नंतर बघतात. हा उलटा क्रम मला मुळीच मान्य नाही. कार्ड निवडण्याआधी कॅबिनेटची बाजू उघडा, टॉर्च घ्या, कागद-पेन घ्या आणि अर्धा तास नुसतं वाचा नि मोजा. एवढा धीर नसेल तर निदान खालचा भाग तरी वाचा.

एसएमपीएसवरचा ठळक आकडा

लेबलवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं असतं आणि लोक तिथेच थांबतात. तो आकडा ३.३, ५ आणि १२ व्होल्ट या सगळ्या ओळींची मिळून बेरीज असते. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर यांची भूक भागते ती जवळजवळ सगळी १२ व्होल्टवर. म्हणून १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघायचे आणि त्यांना १२ने गुणायचं. १६ अँपिअर लिहिले असतील, तर कार्ड आणि प्रोसेसर दोघांना मिळून १९२ वॅट. नावावर ४५०, हातात १९२. १२ व्होल्टचे दोन रकाने असतील तर त्यांची थेट बेरीज करू नका, दोन्हींची एकत्र मर्यादा बहुतेकदा खाली वेगळी छापलेली असते.

माझ्या मावसभावाचा पीसी असाच होता. त्याने वापरलेलं आरएक्स ५८० घेतलं. चांगलं कार्ड, पण १८५ वॅट खाणारं आणि वर ८ पिनची वायर मागणारं. त्याच्या एसएमपीएसला ती वायरच नव्हती. मला फोन करण्याऐवजी त्याने हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटा प्लगवरून ८ पिन काढून देणारा छोटा अ‍ॅडॉप्टर आणला. पीसी सुरू झाला, डेस्कटॉप दिसला, तो खूश. गेम लावला की मात्र पाच-दहा मिनिटांत सगळं बंद. त्याला वाटलं ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बिघडलाय. त्याने ड्रायव्हर बदलले, मग विंडोज नव्याने टाकलं, एकदा नाही, तीनदा. चौथ्या दिवशी रात्री फोन आला, "दादा, पीसीतून जळका वास येतोय."

मी म्हटलं, "आधी भिंतीवरचं बटण बंद कर. मग बोल."

दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं. साटा प्लगचं प्लास्टिक वितळून अ‍ॅडॉप्टरला चिकटलं होतं. कार्ड वाचलं. पण त्याच वायरीवर पुढे हार्ड डिस्क जोडलेली होती, ती पुन्हा कधी सुरू झाली नाही. त्यात घरच्यांचे आठ-नऊ वर्षांचे फोटो होते आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. मावशीचा तो चेहरा मला अजून आठवतो. म्हणून या अ‍ॅडॉप्टरबद्दल मी कोणाशीही मऊ बोलत नाही.

हिशेब अगदी साधा आहे. साटा पॉवर प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर. म्हणजे साडेचार अँपिअर, ५४ वॅट. ६ पिनच्या कनेक्टरमधून कार्ड ७५ वॅट मागू शकतं, ८ पिनमधून १५०. चोपन्नच्या वाटेने दीडशे न्यायचे तर वाट तापणारच. "माझ्याकडे वर्षभर चाललंय" असं सांगणारे भेटतात. चाललं असेल. तरी मी कोणाच्याही पीसीत तो अ‍ॅडॉप्टर लावत नाही आणि लावलेला दिसला तर काढतो.

माझी पद्धत अशी: कार्डाचे छापील वॅट, प्रोसेसरचे छापील वॅटच्या दीडपट, बाकी सगळ्याला मिळून ५० वॅट. ही बेरीज १२ व्होल्टच्या क्षमतेच्या दोन तृतीयांशात बसली तरच पुढे जायचं. कार्ड क्षणभर छापील आकड्याच्या बरंच वर उसळी मारतं, त्यासाठी ती उरलेली जागा. हिशेबात बसत नसेल, तर एक तर चांगला एसएमपीएस घ्या, नाही तर कमी भुकेचं कार्ड निवडा. कार्ड बसतं तो पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट स्वतः ७५ वॅटपर्यंत देतो. त्यात भागणारी कार्डं आहेत: आरटीएक्स ३०५०चं ६ जीबीचं मॉडेल ७० वॅटचं, आरएक्स ६४०० तर ५३ वॅटचं. जीटीएक्स १६५० बहुतेक वेळा विनावायर चालतं, पण त्याची काही मॉडेल्स ६ पिन मागतात, फोटो नीट बघा. आणि ८० प्लसचा शिक्का बघून निर्धास्त होऊ नका. तो वीज किती वाया जाते एवढंच सांगतो.

वायरींबद्दल आणखी दोन गोष्टी. प्रोसेसरची ८ पिन आणि कार्डाची ८ पिन वेगळी असते, त्यांतले प्लस-मायनस उलट असतात. प्रोसेसरची ४ अधिक ४ अशी सुटते, कार्डाची ६ अधिक २. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर हात थांबवा. आणि सुट्या वायरींचा मॉड्युलर एसएमपीएस असेल तर जुन्या एसएमपीएसच्या वायरी नव्याला कधीही लावू नका. कार्डाकडचं टोक सारखं दिसलं तरी एसएमपीएसकडच्या पिनांची मांडणी दर कंपनीची वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेल्सचीही.

लेन न बघता घेतलेलं कार्ड

ही चूक कमी बोलली जाते, आणि बजेट पीसीवाल्यांनाच ती सगळ्यात जास्त भोवते. सगळी कार्डं लांब स्लॉटमध्ये बसतात, पण सगळी १६ लेन, म्हणजे स्लॉटमधले माहिती ये-जा करण्याचे रस्ते, वापरत नाहीत. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० आठ वापरतात. आरएक्स ६४०० आणि जानेवारी २०२२मध्ये आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार.

पीसीआय एक्स्प्रेस ४.० या आवृत्तीच्या मदरबोर्डावर चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी जातात. ३.०वर त्याच्या निम्मे. कार्डाची स्वतःची ४ जीबी मेमरी भरली की गेमला मुख्य रॅमकडे धाव घ्यावी लागते, आणि तो सगळा माल या अरुंद रस्त्याने येतो. मग सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) बरा दिसतो, पण खेळताना वळणावळणावर झटके बसतात. लोक कार्डाला शिव्या घालतात. तेच कार्ड नव्या बोर्डावर बरं चालतं.

जुना पीसी असलेल्या माणसाने म्हणूनच हे आधी तपासावं. इंटेलच्या डेस्कटॉपवर दहाव्या पिढीपर्यंत ३.०च आहे. एएमडीकडे ए३२०, बी४५० आणि ए५२० बोर्डही ३.०. रायझन ५ ५६००जी असेल तर बी५५० बोर्ड असूनही ३.०च मिळतं, कारण मर्यादा प्रोसेसरची आहे. अशा पीसीसाठी माझं मत स्पष्ट आहे: चार लेनचं नवं कार्ड टाळा, आठ किंवा सोळा लेनचं बघा. मेमरी ८ जीबी मिळत असेल तर तीच घ्या.

इंटेलचं आर्क कार्ड घ्यायचं तर बोर्डात रीसायझेबल बारची, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरता येण्याची, सोय हवी. ती नसेल तर कार्ड फार मागे पडतं. जुन्या बोर्डवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

आणि हो, बोर्डावर खाली दुसरा लांब स्लॉट असतो, तो मोकळा आणि सोयीचा दिसतो म्हणून कार्ड तिथे लावू नका. स्वस्त बोर्डांवर त्यात बहुतेकदा चारच लेन असतात. कार्ड वरच्या स्लॉटमध्येच.

दुखणं कार्डाचं आहे ना?

नवं कार्ड घेण्याआधी ही चाचणी करा. गेममधलं रिझोल्यूशन आणि सेटिंग्ज अगदी खाली आणा. एफपीएस भरपूर वाढला, तर कार्ड कमी पडतंय. जवळजवळ तेवढाच राहिला, तर अडथळा प्रोसेसरचा किंवा रॅमचा आहे आणि नवं कार्ड आणूनही तो तसाच राहील. अनेक घरच्या पीसीत रॅमची एकच पट्टी असते. जोडीला तशीच दुसरी लावली की ड्युअल चॅनल (दोन्ही पट्ट्यांनी एकत्र काम करणं) सुरू होतं आणि निम्मे झटके तिथेच संपतात. मी नेहमी रॅमपासून सुरुवात करतो.

डिस्प्लेच येत नाही

घाबरून कार्ड परत करायला धावू नका. मॉनिटरची केबल मदरबोर्डलाच राहिली आहे का बघा, ती कार्डाला लागायला हवी. मग पॉवरची वायर पूर्ण आत गेली का. मग पीसी बंद करून कार्ड काढून पुन्हा बसवा, स्लॉटच्या टोकाचा खटका टक् वाजेपर्यंत. तरीही नाही, तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट. जुन्या बोर्डावर नवं कार्ड न दिसण्यामागे बऱ्याचदा तेवढंच कारण असतं, आणि अपडेट कार्ड लावण्याआधी केलेलं केव्हाही बरं. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाला शेवटी एफ असेल, तर कार्डाशिवाय बोर्डावरून चित्र मिळणारच नाही, हे आधी लक्षात घ्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलणाऱ्याला दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजा, जाडीही. कार्डाखाली साटाचे पोर्ट झाकले जातात का तेही बघा. ऑफिसातून निघालेल्या ब्रँडेड बुटक्या पीसीत तर साधा एसएमपीएससुद्धा बसत नाही, कनेक्टर त्यांचे स्वतःचे असतात.

नुसतं नाव बघून घेऊ नका. जीटी १०३० जीडीडीआर५ मेमरीचं आहे आणि डीडीआर४चंही. दुसऱ्याच्या मेमरीचा वेग पहिल्याच्या साधारण एक तृतीयांश.

वापरलेलं कार्ड डोळ्यांसमोर चालवून घ्या आणि जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा. जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव चढवलेली नकली कार्डं त्यात बऱ्याचदा पकडली जातात.

कार्डाच्या चिपची कंपनी बदलत असाल तर जुना ड्रायव्हर डीडीयूने (ड्रायव्हर साफ काढणारा प्रोग्रॅम) विंडोजच्या सेफ मोडमध्ये काढा, इंटरनेट बंद ठेवून. कंपनी तीच असेल तर एवढ्या खटाटोपाची गरज मला वाटत नाही.

नवं कार्ड लागल्यावर विंडोजमध्ये मॉनिटरचा रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र कितीदा बदलतं) तपासा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६०वर चाललेला मी कितीदा पाहिलाय.

आणि जुनं कार्ड निदान महिनाभर विकू नका. नव्यात काही गडबड वाटली, तर दोष कार्डात आहे की आणखी कुठे, हे त्यालाच परत लावून कळतं.