काळी टोपी घालून कुडाळची एसटी

आजोबांचा घरात एकच फोटो आहे. गिरणीतून गणपतीला गावी आलेले: काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, खाली धोतर. ट्रंकेतला तो कोट मला खांद्यात बसला आणि जुन्या धाटणीचे कपडे घालायचं हे खूळ सुरू झालं. पहिल्याच दिवशी कुडाळला ऑफिसला जाताना वेंगुर्ल्याच्या स्टँडवर एकाने विचारलं, "काय रे, खंयच्या नाटकात आसस?" चूक माझीच. कोट, टोपी, साखळीचं घड्याळ, सगळं एकदम चढवलेलं. आता एका वेळी एकच जुनी वस्तू. टोपी असेल तर खाली साधा सदरा आणि पॅन्ट.

जुना कोट घेताना आधी खांदे बघा. शिवण खांद्याच्या हाडाशी संपली पाहिजे. कंबर आत घेता येते, बाही आखूड होते. खांदा उसवायचा म्हटलं की शिंपी तोंड वाकडं करतो. ट्वीडचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, नाद इथे नको. लिनन किंवा सुती, अस्तर फक्त पाठीच्या वरच्या भागाला. पॅन्ट बेंबीपर्यंत चढणारी, पुढे चुण्या, आणि पट्ट्याऐवजी गॅलिस, म्हणजे खांद्यावरून पॅन्ट धरून ठेवणाऱ्या पट्ट्या. कमरेला वारा लागतो, हे मे महिन्यात कळतं.

हॅट मागवताना कपाळावरून, कानांच्या जरा वरून टेप फिरवा. माझं डोकं ५८ सेंटिमीटर. अमेरिकी मापात ते सव्वासात, ब्रिटिश मापात अष्टमांशाने कमी. हा घोळ न कळल्याने एक हॅट परत पाठवली. थोडी सैल असेल तर आतल्या घामपट्टीमागे कागदाची घडी सरकवा.

उन्हाळ्याला पनामा हॅट उत्तम. नाव पनामा, पण मूळची इक्वेडोरची, तोकिया नावाच्या झाडाच्या पात्यांची. वरचं टोक चिमटीत धरून उचलू नका, तिथेच चिरते. कडेने उचला, टेबलावर उलटी ठेवा. फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, हॅटची कड वाकली तर मोदकपात्राच्या वाफेवर धरून हाताने सरळ करायची. (आईने एकदा पाहिलं. आता हॅटसाठी वेगळं मोदकपात्र आहे.)

खरी कसोटी पावसाची. पहिल्या वर्षी फेल्टची हॅट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली, नारळी पौर्णिमेला बघतो तर हिरवी बुरशी. आता मृग लागला की हॅट घासून, आत कागद भरून सुती पिशवीत. कसर लागू नये म्हणून कपाटात कडुनिंबाचा पाला आणि डांबरगोळ्या. उघडीप मिळाली की सावलीत वारा द्यायचा. कडक उन्हात रंग उडतो. पावसात बाहेर जाताना छत्रीच. आजोबांच्या वेळी शेतात इरलं असायचं, ते घालून ऑफिसला जायची हिंमत अजून झालेली नाही.

गांधी टोपीला भाताची पेज गाळून खळ देतो, पण पावसाळ्यात नाही, कारण खळीवर बुरशी आधी धरते. स्कूटरवाल्यांना हीच टोपी बरी. हेल्मेट घालायचं, टोपी घडी करून खिशात. हॅट सोबत न्यायची तर लाडवांचा मोठा डबा लागतो.

बंदरावर मात्र हॅटच्या पट्टीत काळा दोरा ओवून दुसरं टोक कोटाच्या बटणात अडकवा. माझी पहिली पनामा जेट्टीवरून थेट समुद्रात गेली, आणि एका होडीवाल्याने ती मासे उचलायच्या झेल्याने काढून दिली, वर विचारलं, "ही धुवन घालतलंस?"